कितव्या वर्षी कोणते काम?

मुलाने केर कितव्या वर्षी काढावा, भाजी कधी निवडावी, विस्तवापाशी कधी जावे, असे प्रश्न पालक शिक्षकांना नेहमी विचारतात. उत्तरादाखल वयानुसार कामांचे तक्तेही आता सहज मिळतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाने खेळणी उचलावीत, चार-पाच वर्षांच्या मुलाने पानांपुढे पाणी ठेवावे, आठ वर्षांच्या मुलाने भांडी विसळावीत, असे त्यांचे स्वरूप असते. या तक्त्यांमागे निरीक्षण किती आणि अंदाज किती, याची विचारपूस आम्ही सुरू केली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. हा प्रश्न इतिहासात दोन वेगवेगळ्या दारांनी आला आहे. मुलांना कामापासून वाचवावे म्हणणाऱ्यांनी तो एका दाराने आणला, तर मुलांना काम करू द्यावे म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या. आज वर्गात बसलेल्या मुलामुलींसाठी उत्तर शोधायचे तर हे दोन्ही इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

वय मोजण्याची गरज

शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरात मुलाचे वय वर्षांत मोजण्याचे कारण फारसे पडत नसे. कळशी उचलता आली की पाणी आणायचे, गुरामागे धावता आले की गुरे राखायची, तान्हे मूल कडेवर ठरू लागले की भावंड सांभाळायचे. शरीराची क्षमता हेच तिथे वय होते.

वर्षांचा आकडा लागला तो कायद्याला. इंग्लंडच्या १८३३ सालच्या कारखाना कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण मूल नऊ वर्षांचे आहे हे ठरवायचे कसे? जन्माची सरकारी नोंदणी तिथे १८३७ साली सुरू झाली. तोपर्यंत उंचीवरून अदमास करत. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने १८३७ साली पार्लमेंटपुढे एक पुस्तिका ठेवली आणि उंचीपेक्षा दात हा वयाचा अधिक भरवशाचा पुरावा आहे, असे मांडले. यासाठी त्याने सुमारे हजार मुलांचे दात तपासले होते. मुलाला काम द्यावे की नाही हे शरीराच्या मोजमापावरून ठरवण्याचा हा एक जुना शास्त्रीय प्रयत्न म्हणता येईल.

हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. सात वर्षांचे मूल नऊ तास गिरणीत, ही त्या वेळची सुधारणा होती! १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. पुढे राज्यघटनेच्या २४व्या कलमाने कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांसाठी चौदा वर्षांची मर्यादा घातली.

हे सर्व कायदे घराच्या उंबऱ्याशी थांबत होते. गुरे, शेत, चूल आणि पाळणा यांच्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ते लक्ष वेधले जोतीराव फुले यांनी. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शेतकऱ्यांची मुले शाळेत फार काळ टिकत नाहीत, कारण गरिबीमुळे आईबापांना गुरे राखायला आणि शेत सांभाळायला त्यांची गरज लागते, हेही त्यांनी नोंदले. म्हणून नुसत्या शाळा काढणे पुरेसे नाही, मुले येण्यासाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. घरकाम आणि शाळा हे दोघेही मुलाच्या त्याच वेळेवर हक्क सांगतात, ही गोष्ट या निवेदनात स्पष्ट दिसते.

रोममधला छोटा झाडू

दुसरे दार उघडले ते पंचवीस वर्षांनी, इटलीत. रोम शहरात सान लोरेन्झो नावाची कामगारांची वस्ती होती. आपल्याकडच्या परळ-लालबागच्या चाळी डोळ्यांसमोर आणाव्यात. तिथल्या इमारती एका बांधकाम संस्थेने दुरुस्त केल्या. आईबाप दिवसभर कामावर जात, मागे राहिलेली लहान मुले जिने आणि भिंती खराब करत. त्यांना एका खोलीत सांभाळावे म्हणून डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना बोलावण्यात आले. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे पहिले बालगृह सुरू झाले. मुले सुमारे पन्नास होती, वय साधारण तीन ते सहा वर्षे.

मॉन्टेसरी यांचे शिक्षण वैद्यकाचे. १८९६ साली त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या होत्या आणि त्यानंतर मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम केले होते. मुलाकडे पाहण्याची त्यांची रीत दवाखान्यातली होती. आधी निरीक्षण करायचे, मग मत बनवायचे. त्यांना दिसले की मोठ्यांच्या घरात लहान मूल काम करू शकत नाही याचे कारण बहुधा वस्तूंमध्ये असते. झाडू मुलापेक्षा उंच, खुर्ची न उचलण्याइतकी जड, हात धुण्याची जागा हनुवटीच्या वर आणि कपाटाची कडी हात न पोचणाऱ्या ठिकाणी. म्हणून त्यांनी हलकी टेबले, छोट्या खुर्च्या, ठेंगणी कपाटे आणि मुलांच्या उंचीची हात धुण्याची सोय करून घेतली. झाडू, फडकी, पाण्याची भांडी लहान आकाराची ठेवली. ही खेळणी नव्हती. त्या झाडूने खरोखरच केर निघत असे.

मुले खोली झाडू लागली, धूळ पुसू लागली, जेवणाची टेबले मांडून एकमेकांना सूप वाढू लागली. बटणे लावणे आणि नाड्या बांधणे यांसाठी लाकडी चौकटींवर कापड लावून वेगळी साधने केली होती. महागडी खेळणी उपलब्ध असूनही मुले त्यांच्याकडे फारशी वळत नाहीत, हे निरीक्षण मॉन्टेसरी यांनी आवर्जून नोंदवले आहे. भांडी फुटणारी आणि खुर्च्या हलक्या ठेवण्यामागेही विचार होता. धक्का लागला की खुर्ची आवाज करून पडते, चूक मुलाला स्वतःलाच कळते आणि मोठ्यांनी ओरडण्याची गरज राहत नाही.

या प्रयोगाचे मर्म असे की, ‘हे मूल या वयात हे काम करू शकते का?’ या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडला गेला: ‘कोणत्या साधनाने?’ सहा वर्षांच्या मुलाचे वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणकांनुसार साधारण २० किलो असते. दहा लिटर पाण्याची कळशी म्हणजे नुसत्या पाण्याचेच दहा किलो, अर्थात त्याच्या वजनाच्या निम्मे ओझे. साठ किलोच्या माणसाच्या डोक्यावर तीस किलो ठेवावे, तसे हे झाले. एक लिटरचा तांब्या मात्र त्याच्या वजनाचा विसावा भाग. मूल तेच आणि काम पाणी आणण्याचेच, पण तांब्याने ते त्याच्या वयाला शोभते, कळशीने शोभत नाही. ‘पाणी भरणे’ असे दोनच शब्द लिहिणाऱ्या तक्त्यात हा फरक येऊच शकत नाही.

भावनगर ते कोसबाड

मॉन्टेसरींचे विचार आपल्याकडे रुजवण्याचे मोठे काम गिजुभाई बधेका यांनी केले. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. ताराबाई मोडक १९२३ साली तिथे गेल्या. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. स्वतः मॉन्टेसरी १९३९ साली अड्यारला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या.

याच काळात वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या परिषदेतून गांधीजींच्या नयी तालीमची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी उद्योगावर आधारलेला अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामच्या शाळेत सफाई आणि स्वयंपाक हीही शिक्षणाचीच कामे होती, आणि ती मुलगे-मुली दोघेही करत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा अनुभव मात्र आजच्या पालघर जिल्ह्यातला आहे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली आणि इतर आदिवासींची वस्ती. मॉन्टेसरींची परदेशी साधने इथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी खडे, बिया, पाने, माती आली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ची कल्पना आकाराला आली. हाच शब्द १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोचला.

मोठ्या मुलांची अडचण निराळी होती. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, कारण आई मजुरीला गेली की तान्हे भावंड तिच्या कडेवर असे. मुलगे गुरे राखायला रानात जात. म्हणजे फुल्यांनी १८८२ साली जे लिहिले तेच साठ-सत्तर वर्षांनी इथे समोर उभे होते. सान लोरेन्झोच्या मुलांना घरातले काम करायला मिळत नव्हते. कोसबाडच्या मुलांना कामातून सुटका मिळत नव्हती.

यावर काढलेला मार्ग शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. ‘भावंडाला घरी ठेवून ये’ असे त्या मुलीला कोणी सांगितले नाही, कारण ते तिच्या हातात नव्हते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. हीच विकासवाडी. मुलगी भावंडाला घेऊन येई, ते पाळणाघरात किंवा बालवाडीत राही आणि ती वर्गात बसे. मधूनच उठून त्याच्याकडे पाहूनही येई. गुरे राखणाऱ्यांसाठी शिक्षकच कुरणात जात, तिला कुरणशाळा म्हणत. जबाबदारी मुलांकडून हिसकावून न घेता तिचे ओझे कमी केले गेले, आणि शाळेने आपली जागा आणि वेळ मुलांच्या कामाप्रमाणे बदलली.

मानववंशशास्त्रज्ञांच्या वह्या

याच सुमारास काही संशोधक जगभरच्या गावांत मुलांच्या मागे वही-पेन्सिल घेऊन फिरत होते. जॉन आणि बिअट्रिस व्हायटिंग या दांपत्याच्या पुढाकाराने १९५४ साली सहा संस्कृतींचा एक अभ्यास सुरू झाला. केनिया, मेक्सिको, फिलिपीन्स, ओकिनावा, अमेरिका आणि भारत या ठिकाणी तीन ते अकरा वर्षांच्या १३४ मुलांची निरीक्षणे झाली. पाच-पाच मिनिटे मुलाकडे पाहायचे आणि ते काय करते ते लिहायचे, अशी पद्धत होती. भारतातले गाव उत्तर प्रदेशातले. अभ्यासात त्याला खालापूर म्हटले आहे, पण आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खालापूरशी त्याचा संबंध नाही.

ज्या गावांत आईवर शेतीचा भार मोठा होता आणि मुलांकडे खरी कामे, विशेषतः लहान भावंडांची काळजी, सोपवलेली होती, तिथली मुले इतरांना मदत करण्यात आणि आधार देण्यात पुढे दिसली. केनियातल्या न्यान्सोंगो गावची मुले यात ठळक होती. खालापूरची राजपूत कुटुंबांतली मुले आणि अमेरिकेतल्या गावची मुले, जिथे मुलांवर कामे कमी होती, ती दुसऱ्या टोकाला होती. मदत मागणे आणि दुसऱ्यावर हुकूम गाजवणे तिथे जास्त दिसले.

बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली पन्नास समाजांच्या लिखित नोंदी चाळून पाहिल्या. भावंड सांभाळणे, गुरे राखणे, घरकामात नेमून दिलेला वाटा उचलणे, अशा अनेक जबाबदाऱ्या बहुतेक समाजांत पाच ते सात वर्षांच्या दरम्यान सोपवल्या जातात, असे त्यांना दिसले. मुलाच्या विचार करण्याच्या पद्धतीत मोठा बदल होतो तोही याच वयात, हे मानसशास्त्रज्ञांनी आधीच नोंदले होते. पक्क्या दाढा येऊ लागतात त्याही सहाव्या वर्षाच्या आसपास. मात्र समाज या वयात काम सोपवतात एवढ्यावरून ते सगळेच काम योग्य ठरत नाही. कोसबाडची मुलगीही याच वयाची होती.

कॅरोल एम्बर यांचे १९७३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन आपल्या समाजासाठी फार महत्त्वाचे आहे. केनियातल्या लुओ समाजात घरकाम मुलींचे समजले जाई. पण ज्या घरात कामाच्या वयाची मुलगी नसे तिथे ते मुलग्याला करावे लागे. म्हणजे जणू निसर्गानेच प्रयोग मांडून ठेवला होता. घरातली अशी कामे करणारे मुलगे इतर मुलग्यांपेक्षा कमी आक्रमक आढळले. त्यांच्या वागण्याचा कल मुलींच्या वागण्याच्या दिशेने होता. मुलगे आणि मुली यांच्या स्वभावातला जो फरक आपण जन्मजात धरून चालतो, त्यातला काही भाग तरी केरसुणी कोणाच्या हातात दिली यावरून घडतो, असा याचा अर्थ होतो.

मदतीची उपजत ओढ

सर्वांत लहान मुलांचा अभ्यास प्रयोगशाळेत झाला. हॅरिएट राइनगोल्ड यांनी १९८२ साली दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसमोर घरातली अर्धवट राहिलेली कामे मांडली. मोठी माणसे ती करू लागली तेव्हा मुले न सांगता हातभार लावू लागली. २००६ साली जर्मनीतल्या लायप्झिग येथे फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी अठरा महिन्यांच्या २४ मुलांवर प्रयोग केले. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही. अशा प्रसंगांपैकी निदान एकात तरी २४ पैकी २२ मुलांनी मदत केली. माणसाने चिमटा मुद्दाम टाकला तर मात्र मुले सहसा उचलायला जात नव्हती. वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, मदतीबद्दल ज्यांना दर वेळी बक्षीस मिळत गेले ती मुले नंतर कमी मदत करू लागली.

घरात याच्या नेमके उलट चालते. दोन वर्षांचे मूल लाटणे मागते तेव्हा ‘तू लुडबुड करू नकोस’ म्हणून त्याला दूर करतात, आणि ते दहा वर्षांचे झाल्यावर काम करावे म्हणून आमिष दाखवतात.

तक्त्याऐवजी तीन कसोट्या

या दोन्ही इतिहासांतून वयाचा एक पक्का तक्ता निघत नाही, पण कोणतेही काम तपासून पाहण्याच्या तीन कसोट्या निघतात.

पहिली कसोटी साधनाची. वस्तू मुलाच्या मापाची आहे का, ओझे त्याच्या वजनाच्या मानाने किती, चूक झाली तर भांडे फुटेल की हात भाजेल? भांडे फुटणे चालेल. पेटता स्टोव्ह, उकळते पाणी, विहिरीचा काठ, कीटकनाशके हे लहान मुलांच्या वाट्याला येता कामा नयेत.

दुसरी कसोटी वेळेची. काम संपल्यावर शाळा, खेळ आणि झोप यांना पुरेसा वेळ उरतो का? घरगुती नोकर म्हणून चौदा वर्षांखालील मूल ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या नोकरीवर सरसकट बंदी घातली, पण स्वतःच्या कुटुंबाला शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोका नसलेल्या कामात मदत करण्याची मुभा ठेवली. हे ‘शाळेनंतर’ घरोघरी किती तासांचे होते, हा प्रश्न उरतोच. ते पाहण्याचे काम प्रत्यक्षात शिक्षकांवरच येते.

तिसरी कसोटी वाटणीची. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील व्यक्तींची विचारणा झाली. त्या दिवशी बिनपगारी घरकाम केलेल्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के आणि पुरुषांमध्ये २६.१ टक्के होते. ज्यांनी केले त्यांचा सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. ही वाटणी मोठेपणी अचानक होत नाही. तिची सुरुवात, भावाने अभ्यासाला बसायचे आणि बहिणीने ताटे उचलायची, या रोजच्या प्रसंगात असते.

वर्गात करून पाहण्यासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. पाचवी ते सातवीच्या मुलांना चौकटीच्या कागदावर २४ चौकोनांची एक पट्टी आखू द्यावी, एक चौकोन म्हणजे एक तास. कालचा दिवस आठवून झोप, शाळा, ये-जा, अभ्यास, खेळ, घरकाम आणि भावंडांची देखभाल यांसाठी वेगवेगळे रंग भरावेत. पट्टीवर नाव नको, फक्त मुलगा की मुलगी एवढेच लिहावे. मग दोन्ही गटांची सरासरी मुलांनाच काढू द्यावी आणि फळ्यावर स्तंभालेख काढावा. सरासरी, आलेख आणि निरीक्षणाची नोंद हे गणित-विज्ञानाचे धडे त्यात आपोआप होतात. सुटीच्या दिवसाची आणि शाळेच्या दिवसाची पट्टी वेगळी केली तर तुलना अधिक चांगली होते.

कोणाच्या पट्टीत काय आहे याची वर्गात चर्चा करू नये. कोणाच्या घरची परिस्थिती त्यामुळे उघडी पडता कामा नये. पण खेळाचा रंग जवळजवळ नसलेल्या पट्ट्या किती आहेत, आणि त्या मुलींच्या आहेत की मुलग्यांच्या, हे शिक्षकांनी जरूर पाहावे. उशिरा येणाऱ्या किंवा वर्गात पेंगणाऱ्या एखाद्या मुलीचे कारण त्यात सापडण्याचा संभव आहे. तसे झाल्यास ताराबाई आणि अनुताईंनी विचारला तो प्रश्न आपणही विचारून पाहावा: हिच्यासाठी शाळेला काय बदलता येईल?